सावकाश जेवा

५ ऑगस्ट, सोमवार

लागली एकदाची नोकरी. हो-यी, तुझी वही आज उघडली. एकसष्ट वर्षांच्या बाईला कुणी मांजराचं चित्र असलेली वही पाठवतं का, पण असो. दर रविवारी फोनवर मी नुसतं 'सगळं ठीक' म्हणते म्हणून तू वैतागलीस. आई, रोज चार ओळी लिही, मी आले की बसून वाचेन, म्हणालीस. तर ही सुरुवात. सतरा सप्टेंबरला, मध्यशरदाच्या सणाला, तू आणि चिंग-यान इथे असाल आणि ही वही मी तुझ्या हातात ठेवीन. नात सहा वर्षांची झाली, आणि मी तिला अजून फोनच्या काचेतूनच बघते आहे.

मॉलचं नाव लोक-शिंग. तू टोरांटोला गेलीस तेव्हा तिथे भांड्यांची दुकानं होती, आता हा उभा डबा आहे. रुंदी बघशील तर दोन बसगाड्या मावतील एवढी, आणि उंची पंधरा मजले. म्हणायला पंधरा. चौथा, तेरावा, चौदावा असले अशुभ आकडे कोण ठेवतंय, तेव्हा खरे बाराच. दोन्ही अंगांना जुन्या चाळी इतक्या खेटून की खिडकीतून समोरच्या बाईचे वाळत घातलेले मोजे मोजता येतात. सगळ्यात वर फूड कोर्ट, आणि तिथली टेबलं पुसणारी तुझी आई.

साहेब म्हणजे चौ नावाचा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, केसाला तेल की काय ते चोपडलेला. मला काकू म्हणतो. त्याने नवा निळा एप्रन दिला आणि छातीवर लावायला नावाची पट्टी. लाऊ क्वान-मेई, ठळक अक्षरात. बसमध्येही मी ती काढली नाही. तुझे बाबा गेल्यापासून चार वर्षांत माझं नाव कुणी वाचलं नव्हतं, वाचू देत की.

८ ऑगस्ट, गुरुवार

पाय दुखतात, पण छान दुखतात. खालचे मजले गजबजलेले, बुटांची दुकानं, मोबाइलची कव्हरं, ओठांचे रंग. जसजसं वर जावं तसतशी माणसं गळत जातात. आमच्या मजल्यावर एके काळी बावीस गाळे होते म्हणे, आता सात उरलेत. दुपारी पाऊण ते दोन ऑफिसवाल्यांची झुंबड उडते, मग चिडीचूप.

त्या झुंबडीत सगळे एकमेकांच्या टेबलावर. ट्रे घेऊन उभं राहायचं, कुणी बसलंय का इथं, विचारायचं. बसलेल्याने मान वर न करता म्हणायचं, कुणी नाही, बसा. दोघांनी आपापल्या वाटीत बघून जेवायचं. ज्याचं आधी आटपेल त्याने 'सावकाश जेवा' म्हणून उठायचं. चिंग-यानला शिकवलंस का गं हे? तिकडे म्हणे प्रत्येकाला अख्खं टेबल मिळतं.

माशाच्या गोळ्यांचं नूडल विकते ती शुई. जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, क्वानताई, टेबल पुसताय की पाठ चोळताय त्याची. मी म्हटलं, तुझ्या सुपापेक्षा फडक्याचं पाणी दाट आहे. तेव्हापासून आमचं जमतं. अडीच वाजता ती मला एक वाटी वाढते आणि मी खांबामागच्या दोन खुर्च्यांच्या टेबलावर बसते. तेवीसनंतर टेबलाचा नंबर एकदम पंचवीस आहे, मधल्या त्या टेबलाला नंबरच नाही. त्यामुळे तिथे कुणी ऑर्डर आणत नाही, माझ्या बैठकीला बरं.

१२ ऑगस्ट, सोमवार

काल तुझा फोन चार मिनिटं झाला. चिंग-यानला पोहायला न्यायचं होतं. काही हरकत नाही, पोहायला यायलाच पाहिजे.

घरी आल्यावर टीव्ही लावते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते, म्हणजे पलीकडे कुणीतरी बोलतंय असं वाटतं. दुसरी खोली म्हणजे मोरी. भात एकटीपुरता शिजवला की कुकरच्या तळाला चिकटून जातो, म्हणून दोघांपुरता करते आणि दोन दिवस खाते. तू विचारलंस म्हणून सांगते, नोकरी पैशांसाठी नाही धरली. दिवसभर 'कुणी बसलंय का' एवढं तरी कानावर पडतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

आज सातव्या चांद्र महिन्याची चौदावी, मेलेले परत येतात तो दिवस. फुटपाथवर जागोजागी कागदी कोट, कागदी नोटा जाळत होते, बाजूला भात आणि टोफू ठेवलेला, ज्यांचं मागे कुणी नाही त्यांच्यासाठी. मी तुझ्या बाबांना कागदी बुटांचा जोड जाळून पाठवला. जन्मभर टाचा झिजलेले बूट घातले त्यांनी.

वर सामसूम. असल्या दिवशी लोक लवकर घरी जातात. अडीचला वाटी घेऊन बसले. तोंडात नूडल, डोळे वाटीत, आणि समोरून कुणीतरी विचारलं, कुणी बसलंय का इथं. चाळीस वर्षांची सवय. कुणी नाही, बसा, म्हणाले. खुर्ची सरकली. सूप संपवून मान वर केली तर समोर कुणी नाही. खुर्ची मात्र बाहेर ओढलेली, माणूस बसेल इतकी. मजल्यावर शुईशिवाय चिटपाखरू नव्हतं आणि ती तिच्या पातेल्याशी होती.

शुईला सांगितलं तर म्हणाली, वय झालं, आता कानसुद्धा सोबत शोधायला लागले. हसलो दोघी.

२० ऑगस्ट, मंगळवार

खुर्ची आत सारून ठेवते, अडीचला बघावं तर बाहेर. तीन दिवस हेच. आज मी पण हट्टाने दोन पेले चहा घेतला आणि एक समोर ठेवला. म्हटलं, बसलाच आहात तर घ्या. मस्करीच केली. निघताना पेला उचलला तर वरची साय तशीच होती, पण चहा बर्फासारखा गार. माझा अजून वाफाळत होता.

भीती वाटायला हवी होती. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, बरं वाटलं.

२५ ऑगस्ट, रविवार

तुझा फोन, तब्बल बारा मिनिटं. चिंग-यानला आजीचा मॉल बघायचाय, म्हणून सतरा तारखेला तिथेच याल, दुपारी तीनला, पंधराव्या मजल्यावर. मग घरी जाऊन कंदील लावायचे. मी मूनकेकची पेटी आजच सांगून ठेवली, कमळबियांच्या सारणाची.

जेवताना हे सगळं समोर सांगितलं. रोजच सांगते हल्ली. तुझं नाव, नातीचं नाव, तू लहानपणी ताप आला की कशी माझी एप्रनची नाडी धरून झोपायचीस, बाबा गेले तेव्हा तू विमानातच होतीस ते. उत्तर येत नाही, पण ऐकणारं कुणीतरी असलं की बोलणं वेगळं होतं. समोर थोडी ओल जाणवते, पाणी सांडल्यासारखी. आज मला वाटलं, पलीकडेही कुणीतरी एप्रन घातलाय. निळा. डोळ्यांच्या कडेने दिसतं, सरळ पाहिलं की नाही.

२९ ऑगस्ट, गुरुवार

अडीचला शुईकडे गेले तर म्हणते, आत्ताच तर नेली वाटी, दोनदोनदा जेवता की काय. मी म्हटलं नाही नेली. ती म्हणाली, अहो, गप्पा मारून गेलात, तुमच्या हो-यीच्या तापाची गोष्ट सांगितलीत, डोळ्यांत पाणी आणलंत माझ्या. मी शुईला ती गोष्ट कधी सांगितलेली नाही.

टेबलाशी आले. माझ्या खुर्चीसमोर रिकामी वाटी, काठाला लागलेला मिरचीचा तेलकट ओघळ. मी मिरची खात नाही.

हजेरीच्या कागदावर तर सकाळी मी पोचायच्या आधीच माझी सही झालेली होती. माझ्याच अक्षरात.

१ सप्टेंबर, रविवार

भांडी घासणारे इंगकाका फारसे बोलत नाहीत. आज आपणहून आले. दोन पेले बघितले आणि विचारलं, चौदावीला कुणाला बसा म्हणालीस का. मी हो म्हटलं. वर बघून म्हणालीस का, विचारलं. नाही म्हटलं. मग त्यांनी ओले हात पुसले आणि समोर न बसता उभ्यानेच सांगितलं.

त्या दिवशी आधी मान वर करायची, मग बसा म्हणायचं, हे त्यांची आई सांगायची. चूक झालीच तर उपाय सोपा आहे. टेबलावरून आधी आपण उठायचं. 'सावकाश जेवा' म्हणायचं, उठायचं, परत त्या टेबलाकडे यायचं नाही. जो म्हणून उठतो तो जातो, दुसरा बसून राहतो. म्हणून समोरच्याला आधी म्हणू द्यायचं नाही. इतके दिवस निघताना म्हणालीस का तू, विचारलं. नाही म्हणाले मी. रिकाम्या खुर्चीला कोण म्हणेल, असं सांगितलं त्यांना.

ते खोटं आहे. मी म्हणत नाही कारण म्हटलं की जेवण संपलं. मग तो पाहुणा परत येणार नाही. इंगकाका म्हणाले, उद्याच म्हण आणि सुट. मी हो म्हटलं.

४ सप्टेंबर, बुधवार

म्हटलं नाही. सोमवारी नाही, काल नाही. आज सुट्टी असून जेवायला गेले. स्वतःची लाज वाटते, पण घरी भिंतीशी बोलण्यापेक्षा हे बरं. दोनच आठवडे. हो-यी आली की मला कुणाची गरज नाही, तेव्हा म्हणेन.

ती बाई आहे आता नक्की. हात दिसतात. करंगळीवर भाजल्याची खूण आहे, माझ्यासारखीच.

६ सप्टेंबर, शुक्रवार

चौ साहेब मला ओलांडून गेला. धक्का लागला तरी मागे बघितलं नाही. पुढे जाऊन कुणाला तरी म्हणाला, वा काकू, आज खुशीत. तिकडून हसण्याचा आवाज आला. माझंच हसणं, पण मी इतकी मोकळी कधी हसत नाही.

उद्या म्हणणार. ठरलं.

७ सप्टेंबर, शनिवार

अडीच. बसले. ती समोर होती, सरळ बघितलं तरी दिसत होती. माझं तोंड, माझे केस, फक्त नीट झोपलेल्या माणसासारखे डोळे. छातीवर पट्टी, लाऊ क्वान-मेई. मी माझ्या छातीला हात लावला. पट्टी नव्हती.

म्हणायला तोंड उघडलं आणि मनात आलं, एवढा चहा पिऊ. शेवटचाच. पेला उचलला.

तेवढ्यात ती म्हणाली, सावकाश जेवा. उठली, फडकं घेतलं, खुर्ची आत सारली आणि पंचवीस नंबरचं टेबल पुसायला गेली.

संध्याकाळी घरी गेले. दार आतून लावलेलं. आत टीव्ही चालू, खारवलेला मासा तळल्याचा वास. माझ्या सपाता दाराबाहेर नव्हत्या. मी दार वाजवत राहिले, शेजारची म्हातारी मला न बघता अंगावरून निघून गेली. मग पाय कुठे नेत होते कळलं नाही. इथे आणलं. त्याच टेबलाशी, या खुर्चीवर.

८ सप्टेंबर, रविवार

हो-यीच्या फोनची वेळ. वाजला नाही. मी लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. चाळीस मिनिटं व्यस्त. चाळीस मिनिटं हो-यी माझ्याशी कधी बोलली नाही.

फोन बंद पडला. चार्जर घरी आहे.

९ सप्टेंबर

खुर्चीवरून उठता येतं, पण चार पावलं. सरकत्या जिन्यापर्यंत गेले की पुन्हा इथेच बसलेली असते. पिशवीत होती म्हणून वही आहे, पेन आहे. ती टेबल पुसायला येते तेव्हा वही उचलून बाजूला ठेवते, पुसते, परत ठेवते. माझी बोटं मधे असतात, ती पण पुसते. माझ्याकडे बघते. तिला मी दिसते. फक्त तिलाच.

शुई म्हणत होती, क्वानताई, तुमची वही तिकडे पडलीये. ती म्हणाली, असू दे, लेकीसाठी ठेवलीये.

इंगकाका दिसत नाहीत. नोकरी सोडली म्हणे रविवारी.

११ सप्टेंबर

आज एक ऑफिसातली मुलगी ट्रे घेऊन आली. कुणी बसलंय का, विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही, ती समोर बसली. मला काकांचं बोलणं आठवलं. जो म्हणून उठतो तो जातो. दुसरा बसून राहतो.

मी म्हटलं, सावकाश— एवढंच. पाय हलके झाले. मुलगी पांढरीफटक पडली, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं तिने. तिच्या फोनवर आईचं नाव वाजत होतं. माझ्याने पुढचं बोलवेना. मी बसले. ती जेवण टाकून पळाली.

वेडी आहे मी. सुटले असते.

१२ सप्टेंबर

पुढचं कुणी बसलं की उठायचं. मग ते कुणीही असो. सतरा तारखेच्या आत मला घरी— हो-यी येणार आहे. दुसरं काही मला माहीत नाही.

१३ सप्टेंबर

तिने ओळखलं. पिवळी पाटी आणून ठेवली टेबलाशी. 'फरशी ओली आहे.' लोक पाटी बघतात आणि लांबून जातात. दिवसभर एक माणूस नाही.

१५ सप्टेंबर

कंदील लावलेत मजल्यावर. सशाचे, माशाचे. ती शिडीवर चढून लावत होती, शुईने शिडी धरली. शुई म्हणाली, ताई, आलात तेव्हा केवढ्या किरकिऱ्या होतात तुम्ही, आता बघा. ती म्हणाली, लेक येतेय ना.

मीही असते खुशीत. माझ्यासाठी कुणी शिडी धरली असती तर.

अक्षर फिकं येतंय. पेन नवं आहे.

१६ सप्टेंबर

उद्या. हाक मारेन. ऐकलंच पाहिजे तिने, ती माझी— ताप आला की माझीच नाडी धरायची. उठून हो-यीला बिलगेन. चार पावलं पुरतील.

१७ सप्टेंबर

दोन पन्नास. तिने केस विंचरलेत. मूनकेकची पेटी काउंटरवर आहे. मी सांगून ठेवलेली.

तीन पाच. आल्या. हो-यी वाळलीस गं. चिंग-यान लाल कोटात, फोनवर वाटते त्यापेक्षा छोटी. माझं नाव लावलेली ती धावली, तिघी एकमेकींच्या— हो-यी रडते आहे तिच्या खांद्यावर. मी ओरडले. दोनदा. हो-यीने मान वळवली होती. वळवली होती, मी पाहिलं. मग चिंग-यानने कोट ओढला तिचा.

पिवळी पाटी उचलली तिने. इकडे आणते आहे त्यांना. सगळी टेबलं रिकामी आहेत आणि इकडेच—

हो-यी समोरची खुर्ची ओढून बसली. माझ्या खुर्चीकडे बोट करून विचारलं, आई, कुणी बसलंय का इथं.

ती माझ्याकडे बघत म्हणाली, कुणी नाही. बसव तिला.

चिंग-यान माझ्या मांडीवर बसली आहे. वजनच नाही पोरीला. केसांना साबणाचा वास. सहा वर्षं मी— ती म्हणाली, गार आहे इथे. उठली नाही पण. मी हलत नाही.

आता कळलं तिने पाटी का ठेवली होती. दुसरं कुणी बसू नये, हीच बसावी म्हणून. दोन शब्द. म्हटले की मी सुटले, आणि या खुर्चीत ही पोर—

ती वाट बघते आहे. हसते आहे. बोल ना, अशी मान हलवते.

नाही. नाही म्हणणार. मी बसले इथे. मी बसेन.

पण ते शब्द तिनेच आधी म्हटले तर— तिघी बसल्यात. ती उठली की या दोघी इथेच—

ती वहीकडे हात करते आहे. हो-यीला सांगते आहे, बघ, तुझ्यासाठी रोज लिहिलं. पहिली पानं दाखवेल, एप्रनची, शुईची. हो-यी, ती नको वाचूस. मागून वाच. हे पान. आणि चिंग-यानला उचल, जेवू नका काही, 'सावकाश जेवा' म्हण आणि आधी तू ऊठ, हो-यी, तिच्या आधी तू—